मरोळची ल्युसी आणि तिसरी कंपनी

मरोळ गावठाणातल्या ल्युसी मिरांडाला कुणी सांगितलं की अमुक गोष्ट तुझ्या कामाची नाही, तर नेमकी तीच गोष्ट तिला करून बघावीशी वाटते. स्वभावच तो. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो बदलेल अशी आशा तिच्या नवऱ्यानेही, म्हणजे जॉननेही, सोडून दिली आहे. त्यामुळे गेल्या वर्षी मरोळ नाक्यावर अनंतच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जे घडलं, त्याचं तिला ओळखणाऱ्या कुणालाही फारसं नवल वाटलं नाही.

ती गेली होती आधार कार्डाची झेरॉक्स काढायला. अनंत झेरॉक्स काढता काढता दुसऱ्या हाताने एक जाडजूड, दोन पंख्यांची पाटी भंगाराच्या खोक्यात टाकत होता. ल्युसीने ती वरच्या वर उचलली, चष्मा कपाळावर ढकलला आणि पाटी अगदी नाकाशी नेली. जवळचं तिला चष्म्याशिवायच दिसतं आणि फार चांगलं दिसतं.

"आंटी, ठेवा ते. ग्राफिक्स कार्ड आहे," अनंत म्हणाला. "कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटवायचं काम ते करतं. गेम खेळणाऱ्या पोरांना लागतं, लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्यांना लागतं. मेलंय आता."

"मेलं नाहीये. हा बघ, इथला दाणा फुटलाय."

अनंतने बघितलं. त्याला दाणाच दिसला नाही. मग मोबाइलचा दिवा लावून, फोटो काढून, फोटो मोठा करून बघितला, तेव्हा मुंगीच्या डोक्याएवढा तो तुकडा मधोमध तडकलेला दिसला.

"हे तुमचं काम नाही, आंटी," तो म्हणाला, आणि तिथेच फसला. ल्युसी कार्ड पिशवीत टाकून घरी गेली.

आता गावठाणात घरबसल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला हे कसं दिसलं, असं अनंतला वाटलं असेल. त्याचा दोष नाही, तो मरोळला नंतर आला. ल्युसी एकोणिसाव्या वर्षी सीप्झच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात लागली होती आणि सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून तिने सोल्डरचे, म्हणजे वितळलेल्या कथलाचे, टाके घातले. गावठाणातल्या कितीतरी मुली तेव्हा त्याच कामाला जायच्या. हाताखालून बोर्ड सरकत यायचा, आपले ठरलेले सहा टाके घालायचे, की तो पुढे सरकवायचा. कारखाना बंद झाला तेव्हा सामानाचा लिलाव झाला. बाकीच्या बायकांनी कँटीनची पातेली घेतली. ल्युसीने आपल्या टेबलावरचा सूक्ष्मदर्शक घेतला आणि रिक्षात मांडीवर धरून घरी आणला. पुढची बारा वर्षं तो कपाटावर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला होता.

तो अभ्रा त्या दिवशी निघाला. तिसऱ्या दिवशी ती कार्ड घेऊन अनंतच्या दुकानात हजर. अनंतने ते मशीनला लावलं, बटण दाबलं, पंखे फिरले आणि पडद्यावर निळं चित्र उमटलं. ल्युसी दुकानात मोठ्याने हसली. झेरॉक्सच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली, पण तिला थांबताच येईना. सव्वीस वर्षांत तिच्या हाताखालून लाखो बोर्ड गेले होते आणि त्यातला एकही चालताना तिने पाहिला नव्हता. हा पहिला.

एकदा असा नाद लागला की संपलंच. ओटीवर टेबल आलं, दिवा आला, गरम हवेची बंदूक आली. बोर्डांचे नकाशे ती वर्तमानपत्रासारखे वाचायला लागली. शिकताना दोन कार्डं तिने साफ जाळली आणि दोन दिवस तिचं तोंड उतरलेलं होतं. जॉन बेस्टच्या आगारात मेकॅनिक होता, आता निवृत्त आहे. जाता येता टेबलाकडे बघून तो म्हणायचा, "घरात माणसं दोन आणि पंखे चाळीस." पण कार्ड जोडताना तिला तिसरा हात लागला की तोच येऊन धरायचा.

हौस होती, हात होता. फक्त काम येत नव्हतं.

त्याचं असं होतं, की या बाजारात दोनच मोठ्या कंपन्या. वर्षानुवर्षं सगळी कार्डं त्यांचीच. ती बिघडली की कुठे न्यायची ती दुकानंही ठरलेली. तिथे वीस वीस वर्षं बसलेले कारागीर, त्यांची नावं लोकांना पाठ. तिथलं काम सोडून मरोळच्या गल्लीत, चर्चच्या मागे, पहिल्या घरातल्या आंटीकडे कोण कशाला येईल? अनंत पाठवायचा ती महिन्याची दोन-तीन कार्डं, तीही इतरांनी हात टेकलेली. त्यातच जॉनच्या मावसभावाच्या कुरिअर कंपनीला पार्सलं ठेवायला जागा हवी होती आणि ओटी त्यांना पसंत पडली होती.

"मे संपेपर्यंत बघ," जॉन तिला म्हणाला. "तोपर्यंत रोजचं काम लागलं तर टेबल तुझं. नाहीतर जूनपासून ओटी त्यांना देऊ. मीही किती दिवस त्याला थांबवणार?"

तो वाईट बोलला नव्हता, म्हणून तर तिला भांडताही आलं नाही. तो मार्च महिना होता.

आणि त्याच दिवसांत बाजार हलला. मोठमोठ्या कंपन्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी यंत्रांच्या वखारी उभारायला घेतल्या, त्यांना कार्डांतली मेमरी ट्रकच्या ट्रक भरून लागायला लागली, आणि दोन्ही जुन्या कंपन्या त्या बड्या गिऱ्हाइकांच्या दिमतीला धावल्या. साध्या माणसाचं स्वस्त कार्ड दुकानातून नाहीसंच झालं. अनंत दिवसातून दहा वेळा 'नाही' म्हणून म्हणून कंटाळला होता. तेवढ्यात एक तिसरी कंपनी बाजारात उतरली. सगळे बसल्यावर पंगतीत येऊन पान मागावं तशी. लोक आधी हसले. मग त्यांनी दर पाहिला, काम पाहिलं आणि हसणं थांबवलं. आता फक्त एकच प्रश्न उरला होता आणि अनंतच्या दुकानात तो रोज विचारला जायचा: ठीक आहे, घेतो, पण बिघडलं तर कोण बघणार?

त्या कंपनीचा उपनगरांचा माणूस देवेश याच प्रश्नाचं उत्तर शोधत फिरत होता. तिशीतला, उंच, सतत घाईत असलेला. अनंतने त्याला ल्युसीच्या ओटीवर आणून बसवला. देवेशने टेबल पाहिलं, सूक्ष्मदर्शक पाहिला, चहाचा कप हातात घेतला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"आंटी, आम्ही उशिरा आलोय, हे आम्हाला माहीत आहे. जुने कारागीर आमच्या कार्डाला हात लावत नाहीत. म्हणतात, आधी गिऱ्हाईक दाखवा. गिऱ्हाईक म्हणतं, आधी कारागीर दाखवा. माझी वाट लागली आहे मधल्या मध्ये."

"मग माझ्याकडे कशाला आलास? मी तर तुझ्याहून उशिरा आलेय."

"म्हणूनच," देवेश म्हणाला आणि हसला. "अंधेरी ते बोरिवली सगळ्या दुरुस्त्या एकाच माणसाला द्यायच्या आहेत. दोघांचा विचार चाललाय. एक बोरिवलीचे राजेश, मोठं दुकान आहे त्यांचं. दुसऱ्या तुम्ही. दोघांनाही सारख्याच तक्रारींची सहा-सहा बंद पडलेली कार्डं देतो, नंबर टाकून, दहा दिवस. जी दुरुस्त होतील ती आमच्या ऑफिसात एक तास पूर्ण ताकदीने चालली पाहिजेत. मध्ये थांबलं की ते बाद."

देवेश गेल्यावर ल्युसीने बोंबलांच्या कालवणात दोनदा मीठ घातलं. जॉनने एक घास खाल्ला, पाणी प्यायला आणि भातावर दही ओढलं.

ते दहा दिवस ती माणसात नव्हती. पहिलं कार्ड दीड दिवसात उठलं. दुसऱ्यात वीज सांभाळणारा भाग जळलेला होता, तो बदलला. तिसऱ्याने तिला रडवलं. तीन दिवस दोष सापडेना आणि सापडला तेव्हा तो केसाएवढ्या तुटलेल्या एका रेषेत होता. तिने तांब्याचा तंतू घालून ती जोडली आणि उठून जॉनच्या पाठीत धपाटा घातला. तो बिचारा पेपर वाचत होता. आठव्या दिवसापर्यंत पाच कार्डं चालू झाली. सहावं मात्र काही केल्या तिच्या मनासारखं होईना. शेवटी तिने ते बाजूला ठेवलं.

नवव्या दिवशी, शुक्रवारी, तिने पाचही कार्डांचे पंखे आणि उष्णता घालवायच्या धातूच्या जाळ्या सोडवून धुतल्या. एरवी ती हे सगळं केस वाळवायच्या यंत्राने वाळवते. पण रस्ता खोदणाऱ्यांनी सकाळीच गल्लीची केबल तोडली होती आणि वीज संध्याकाळशिवाय येणार नव्हती. एप्रिलचं ऊन मात्र फुकट होतं. ती सगळं घेऊन गच्चीवर गेली.

गच्चीत जॉनच्या मिरच्या वाळत होत्या. या दिवसांत गावठाणातल्या कुठल्याही गच्चीत हेच दिसेल. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, घरात वर्षाचा मसाला उन्हाळ्यातच होतो. मिरच्या आणि पंचवीस-तीस जिनसा वाळवून, भाजून, कांडून गडद बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणूनच त्याला बाटली मसाला म्हणतात. ल्युसीने मिरच्यांपासून चांगलं चार हात लांब सुती चादर अंथरली, त्यावर जाळ्या आणि पंखे मांडले, आणि कावळ्यांचा उपद्रव नको म्हणून कठड्यावरचं मलमलीचं पातळ फडकं ओढून वर पांघरलं. आदल्या दिवशी ते फडकं कशावर होतं, हे तिच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात फक्त शनिवारची परीक्षा होती.

संध्याकाळी कार्डं जोडताना तिला चार-पाच शिंका आल्या. जॉनलाही आल्या. पण एप्रिलमध्ये सगळं गावठाणच शिंकत असतं. वीज आल्यावर तिने प्रत्येक कार्ड दोन-दोन मिनिटं लावून पाहिलं, पाचही चित्रं उमटली, आणि ती निवांत झाली.

कंपनीचं ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत होतं, दुसऱ्या मजल्यावर. मध्ये काचेची एक खोली, एसी लावलेली, आणि तिच्यात टेबलावर ओळीने मशीनं. देवेशबरोबर मधुवंती म्हणून एक मुलगी होती. तिचं काम दर पाच मिनिटांनी प्रत्येक कार्डाचं तापमान लिहायचं. बरोबर अकराला देवेशने पाचही मशीनं सुरू केली. पडद्यांवर समुद्र उसळायला लागला, झाडं वाऱ्याने झोडपली जायला लागली, धुराचे लोट उठले. कार्डाचा जीव काढायलाच केलेलं ते चित्र. पंखे हळूहळू चढत गेले आणि खोलीभर घोंघाट झाला.

ल्युसी हात घट्ट बांधून उभी होती. सत्तर, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. मधुवंती लिहीत होती. बाराव्या मिनिटाला मधुवंतीला ठसका लागला. मग देवेशला. मग दोघांनाही एकदम, आणि तो काही केल्या थांबेना. देवेशचे डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं.

"काहीतरी जळतंय," मधुवंती खोकत म्हणाली. "सर, बंद करा. कार्ड जळतंय."

देवेशने बटणाकडे हात नेला. आणि ल्युसीला तो वास कळला. आयुष्यभर दर एप्रिलमध्ये घेतलेला वास तो, कळणार नाही कसा? तापलेल्या जाळ्या, त्यांवर भाजली जाणारी लाल पूड आणि ती खोलीभर उडवणारे दहा पंखे. परवा ते फडकं कांडलेल्या पहिल्या मिरच्यांवर होतं, आणि ओल्या जाळ्यांनी त्यातली सगळी पूड धरून ठेवली होती. पहिल्यांदा तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मग तिने देवेशचा हात धरला.

"बंद करू नको. जळत नाहीये. मिरची आहे ती."

"कसली मिरची?"

"काश्मिरी. थोडी संकेश्वरी पण असेल."

नंतर देवेश सांगायचा की नोकरीत त्याला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. ल्युसीने एका दमात गच्ची, केबल, फडकं, सगळं सांगून टाकलं. लाजेने तिचे कान तापले होते, पण आवाज पडला नाही. "माझी चूक आहे, कार्डांची नाही. त्यांना चालू दे."

"आंटी, आत थांबता येत नाहीये. तापमान कोण लिहिणार? नोंद नसेल तर परीक्षा धरता येत नाही."

"मी थांबते."

"परीक्षा तुमची, आणि लिहिणारही तुम्हीच?"

"काच आहे ना मध्ये? तू बाहेरून माझ्यावर लक्ष ठेव. मी आकडा लिहून काचेला लावते, तू पडद्यावरचा बघ आणि ताडून घे. खोटं लिहिलं तर तिथेच बाद कर मला."

देवेशने मधुवंतीकडे पाहिलं. मधुवंती केव्हाच बाहेर पळाली होती. तो पण गेला आणि दार लागलं. ल्युसीने बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं, रुमाल नाकातोंडावर बांधला आणि पाच मशीनांच्या मधोमध खुर्ची ओढली.

पुढची पंचेचाळीस मिनिटं त्या ऑफिसात दुसरं कुठलंही काम झालं नाही. सगळे काचेला नाक लावून उभे. आत एक ठेंगणी बाई, फुलाफुलांचा झगा, तोंडावर ओला रुमाल, डोळ्यांतून धारा लागलेल्या. दर पाच मिनिटांनी उठून पाच आकडे लिहायची, कागद काचेवर आपटायची आणि बोटाने पडद्याकडे दाखवायची: बघ, ताडून बघ. ब्याऐंशी, एक्याऐंशी, ब्याऐंशी, ऐंशी, ब्याऐंशी. पंचविसाव्या मिनिटाला तिसऱ्या कार्डाचा, केसाएवढी रेषा जोडलेल्याचा, आकडा शहाऐंशीवर गेला. तिने पंख्यापाशी वाकून बघितलं. पुडीचा एक गोळा पात्यात अडकला होता. तो सुटून थेट तिच्या तोंडावर आला आणि आकडा उतरला. ती खोकली, शिंकली आणि रुमालाआड हसली. बाहेर देवेशही हसत होता. मधुवंतीने मोबाइल काढून चित्रण सुरू केलं होतं.

आकडे लिहून झाले की मधल्या वेळात ती पडदे बघायची. समुद्र थांबत नव्हता. तो समुद्र तिच्या टाक्यांवर चालला होता, एकेका टाक्यावर, आणि ते टाके कुठले ते तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. तिला इतका आनंद झाला होता की खोलीतली मिरची दुप्पट असती तरी ती उठली नसती.

बाराला देवेशने नाक दाबून आत येत मशीनं थांबवली. पाचही कार्डं तासभर चालली होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. खिडक्या उघडल्या, एसी बंद केला, ल्युसीला पाणी दिलं. तिने चेहरा धुतला, खुर्चीवर बसली आणि विचारलं, "मग?"

देवेशचं हसू जरा कमी झालं. "पाच म्हणजे झकासच आहे, आंटी. पण बोरिवलीच्या राजेशने परवा सहाही चालवून दाखवली. वरच्यांनी आकडाच बघायचं ठरवलंय."

ओटी, टेबल, जून महिना, सगळं ल्युसीच्या डोळ्यांसमोरून गेलं. पाच आणि सहा. एवढंच. तिच्या पिशवीत ते सहावं कार्ड होतं. तिने ते काढून टेबलावर ठेवलं.

"हे पण मी आज तासभर चालवून दाखवलं असतं," ती म्हणाली.

"मग दाखवलं का नाही?"

"मधली मोठी चिप आतून गेलीय. गरम हवेने शेकली की आतले सुटलेले टाके थोडे दिवस धरतात. तास चालेल, आठवडा चालेल. मग परत काळं. दोन मिनिटांचं काम आहे ते, सगळे करतात. पण मी त्याला दुरुस्ती म्हणत नाही." तिने कार्ड देवेशकडे सरकवलं. "जुन्या कंपनीचं चालून जातं रे. गिऱ्हाईक शिव्या घालतं आणि परत तिथेच जातं, सवयच झालेली असते. तुमच्याकडे ते शिव्या घालायलाही परत येणार नाही. सरळ विसरून जाईल."

देवेशने बराच वेळ कार्ड हातात फिरवलं. मग तो मांडणीकडे गेला. तिथे राजेशची सहा कार्डं परवापासून ठेवलेली होती, नंबर टाकून. त्याने ल्युसीच्याच कार्डाच्या जोडीचं सहावं उचललं, मशीनला लावलं आणि बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच. त्याने काढून पुन्हा लावलं. काळाच. दुसऱ्या मशीनवर नेलं, तिथेही तेच.

"तो लबाड नाही हं," ल्युसी म्हणाली. "बाजारात असंच चालतं. त्याच्यावर राग धरू नको."

देवेश फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. दार बंद होतं, शब्द कळत नव्हते, पण त्याचा आवाज चढलेला ऐकू येत होता. मधुवंतीने ल्युसीला चहा आणून दिला. तो अर्धा थंड झाला तरी ल्युसीने तोंडाला लावला नाही. शेवटी दार उघडलं. देवेशने टेबलाखालचा एक मोठा खोका पायाने पुढे ओढला आणि तिच्यासमोर आणला.

"यात अकरा आहेत, आंटी. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतची. इथून पुढे सगळी तुमच्याकडे. आजच नेता?"

ल्युसीने चष्मा कपाळावर ढकलला, खोक्यात वाकली आणि एकेक कार्ड नाकाशी नेऊन बघायला लागली. काही डावीकडे ठेवली, काही उजवीकडे.

"ही आठ नेते. ही तीन पुढच्या सोमवारी."

"का? ती होणार नाहीत?"

"होतील की. पण सगळी एकदम नेली तर हात घाई करतो, आणि मग चुका होतात. आपण नवीन आहोत, देवेश. आपलं पहिलंच काम परत आलं तर आपल्याला कोण विचारणार?"

देवेशने मान हलवली. आठ कार्डं कागदात गुंडाळून पिशवीत भरली, पावती काढली आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ल्युसी मिरांडा. ल्युसीने पावती हातात घेतली, दोनदा वाचली आणि परत त्याच्यापुढे धरली.

"मरोळ पण लिही," ती म्हणाली. "मरोळ गावठाण. लोकांना पत्ता कळायला नको?"